लिफ्टखालचा डबा

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही. गाव कोणतं, नोकरी कुठे, लग्न झालं का, यातलंही काही नाही. फाटकातच उभं करून म्हणाले, "चप्पल काढ अन् उलटी कर."

मला वाटलं, माणूस फारच स्वच्छतेचा असावा. मी निमूट चपला काढल्या. त्यांनी स्वतः वाकून एकेक उचलली, चष्मा कपाळावर सरकवून तळ निरखला आणि घराकडे तोंड करून ओरडले, "डाव्या टाचेले झिजली आहे. घाईची आहे पोरगी, पण पाय घासत चालत नाही. किल्ली देऊन टाक."

आतून काकू किल्ली घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "राग नको मानू वं. यायले सारं खालून पाह्याची सवय आहे."

नागपुरातली माझी पहिली खोली मला अशी चपलेच्या जोरावर मिळाली. गॅरेजच्या डोक्यावर एकच खोली, बाहेरून लोखंडी जिना, पूर्वेला खिडकी आणि खिडकीत कडुलिंबाची फांदी. सदर भागातलं माझं ऑफिस तिथून स्कूटीवर जवळ. त्याआधी मी माझ्या गावाहून, खाप्याहून, रोज बसनं येऊन-जाऊन करत होते. सकाळी अंधारात निघायचं आणि संध्याकाळी अंधारात पोचायचं. आई रोज म्हणायची, "इतके हाल कशाले करून घेऊन राहिली? सोडून दे नोकरी." ही खोली मिळाली म्हणून नोकरी टिकली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या खोलीवरच बेतलं.

घरमालकांना सारी गल्ली काकाजी म्हणायची, म्हणून मीही काकाजीच म्हणू लागले. वीजकेंद्रांतल्या यंत्रांच्या देखभालीत त्यांची नोकरी झाली. शेवटली वर्षं मौद्याला गेली. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांखाली कधी वाकून, कधी रांगून, कधी पाठीवर पडून काम करता करता त्यांनी एक सिद्धान्त तयार केला आणि निवृत्तीच्या शाल-श्रीफळाबरोबर तो घरी आणला. "वरून सारंच चांगलं दिसते. बिघाड खालून सुरू होते."

हा सिद्धान्त त्यांनी यंत्रांपुरता ठेवला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण लग्नाच्या पंगतीत ते खुर्ची उलटी करून चारी पाय हलवून पाहिल्याशिवाय बसत नसत, आणि मागे वाढपी कढईभर भाजी घेऊन ताटकळत. बाजारात वांगं देठाकडून पाहणाऱ्या बायांना ते थांबवून बुडाकडून पाहायला लावत. डॉक्टरांकडे गेले की आधी तपासणीच्या टेबलाखाली डोकावून येत. एकदा डॉक्टर वैतागून म्हणाले, "काकाजी, तपासणी तुमची आहे की टेबलाची?"

"दोघायची," काकाजी म्हणाले. "आधी त्याची."

काकूंकडे तर या विषयावरचा खजिनाच होता. दुपारी पापड लाटताना त्या सांगत, "मले पाह्याले आले तेव्हा माया बापानं बशीत चिवडा देला. मी समोर उभी. यायनं माया तोंडाकडे नाही पाह्यलं. बशीच्या बुडाले कोणचा छाप आहे थे पाह्याले बशी उलटी केली. चिवडा सारा बापाच्या धोतरावर!"

"मग होकार कसा दिला तुम्ही?"

"मी कुठी देला? मायनं देला. म्हणे, माणूस येडा आहे, पण लबाड नाही."

आता मी दुसऱ्या शहरात राहते. तरी अजूनही कुणाकडे नवी खुर्ची दिसली की माझा हात आपोआप तिच्या बुडाशी जातो. सासरच्यांनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, मी किमतीची चिठ्ठी शोधतेय. संगतीचा असर म्हणतात तो हाच, दुसरं काय!

काकाजींकडे एक जुनी, निळा रंग उडालेली गाडी होती. ती दर रविवारी सकाळी फुटाळा तलावाकडे जाई, काकाजी आणि काकू तर्री-पोहे खात आणि गाडी परत येई. एवढाच तिचा प्रवास. बाकी आठवडाभर गाडी काकाजींना घेऊन कुठेच जात नसे, काकाजीच तिच्याखाली जात. गोणपाट अंथरून पाठीवर झोपायचे आणि सरपटत आत शिरायचे. वर माझ्या खोलीत त्यांचा पाना पडल्याचा आवाज यायचा, मग ते गाडीशी बोलायचे ते ऐकू यायचं. "काहून गळून राहिली गा तू? कालच तं कसून देलं होतं तुले." गाडीला ते पुरुषासारखं 'गा' म्हणत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "बाईले मी असं रागावून बोलीन का?"

एका सकाळी ते गाडीखाली गेले आणि बाहेर येईनात. पाठ धरली होती. काकूंनी मला हाक मारली आणि आम्ही दोघींनी गोणपाटासकट त्यांना पायांना धरून ओढलं. तशाही अवस्थेत सूचना चालूच होत्या. "सरळ ओढा! तिरपं नका ओढू, सायलेन्सर लागते!" डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, यापुढे जमिनीवर पडून काम बंद.

त्यानंतर काकाजी काही दिवस व्हरांड्यात खुर्ची टाकून गाडीकडे तोंड करून नुसते बसून असत. पेपर उलटाही करत नसत, इतके खचले होते. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "लिफ्ट घेतो."

"कोणच्या मजल्यावर जाचं आहे तुमाले?" काकूंनी विचारलं.

"मी नाही जात. गाडी जाते." आणि मग जरा थांबून, नेहमीचा ठसका नसलेल्या आवाजात ते म्हणाले, "जिंदगीभर मशीनखाली वाकून गेलो. आता एक बार मशीनखाली ताठ उभं राहाचं आहे मले."

काकूंनी यावर चेष्टा केली नाही. त्यांनी काकाजींच्या चहात आणखी थोडी साखर घातली.

माणसं लिफ्ट घेतात तर काय करतात? माहितीपत्रकं मागवतात, चार ठिकाणी चौकशी करतात. काकाजींनी माहितीपत्रकाला हातही लावला नाही. "कागद म्हणजे वरची बाजू," म्हणाले. एक विक्रेता मोबाईलवर लिफ्टचा व्हिडिओ दाखवायला लागला, तर यांनी त्याचा मोबाईल हातात घेऊन उलटा केला आणि परत दिला. "याच्या मागे तं काहीच नाही." तो बिचारा पुन्हा आला नाही.

प्रकार त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितले. दोन पेले उभे करून त्यांच्यावर पोळीचा डबा ठेवला. ही दोन खांबांची लिफ्ट, गाडी डोक्यावर जाते आणि खालून सगळं मोकळं. चार पेले ठेवले की ती चार खांबांची, पण तिच्यात चाकं पाट्यांवर टेकतात आणि खालचा भाग अर्धा झाकतो. मग अडकित्ता आडवा धरून उघडला. ही कैचीची, खाली बसकी असते आणि उघडत गाडीला जेमतेम छातीपर्यंत उचलते. काकूंनी पोळीचा डबा ओढून घेतला तेव्हा दोन खांबांची लिफ्ट कोसळली, पण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की काकाजींचं मन तिच्यावरच बसलंय.

आणि परीक्षा? ती त्यांची स्वतःची होती. ज्या गॅरेजमध्ये लिफ्ट चालू असेल तिथे जायचं, मालकाला गाडी वर चढवायला सांगायची, आणि तिच्याखाली बसून डबा खायचा. डबा संपेपर्यंत नजर एकदाही वर गेली नाही तर लिफ्ट पास. गेली की नापास. "डोक्यावर जे असते, त्याच्या भरोशावर घास उतरला पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं. स्वतःची नजर स्वतःला कळत नाही, म्हणून साक्षीदार हवा. काकूंनी कोपरापासून हात जोडले. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी स्कूटीवर मागे काकाजी, त्यांच्या मांडीवर डबा आणि पुढे मी, अशी आमची वरात निघू लागली.

कामठी रोडवरचं गॅरेज मला अजून आठवतं. मालक उत्साहाने बटण दाबून गाडी वर चढवत होता. काकाजींनी स्टूल मागितलं, उलटं करून पाहिलं, गाडीच्या बरोबर खाली ठेवलं आणि डबा उघडला. वडाभात होता. गॅरेजमधल्या ग्रीसच्या वासात हिंगाच्या फोडणीचा वास मिसळला. कामगार हातातली कामं सोडून गोळा झाले.

"तू फक्त माया डोळ्याकडे पाहजो," काकाजी मला म्हणाले आणि जेवू लागले. पहिले काही घास शांततेत गेले. मग वर कुठेतरी 'खट्' झालं.

"गेली," मी म्हणाले.

"हाव, गेली." त्यांनी झाकण लावलं. "नापास."

"काकाजी, ते लॉक बसल्याचा आवाज आहे!" मालक कळवळला. "याच्यावर ट्रक ठेवा तुम्ही!"

"ठेवीन गा. पण माया घास अडकला ना."

असे आम्ही वाडीला गेलो, मानेवाड्याला गेलो. हळूहळू आमची कीर्ती पुढे पोचू लागली. एका मालकाने तर आम्ही पोचायच्या आत कांदा कापून ठेवला होता. काकाजींनी कांदा खाल्ला आणि लिफ्ट नापास केली. शेवटी हिंगण्याच्या बाजूला एका दोन खांबांच्या लिफ्टखाली ते बसले, भरीत-भाकरी शेवटपर्यंत खाल्ली, बोटाने डबा पुसून घेतला, मला म्हणाले, "पाणी दे." नजर एकदाही हलली नव्हती. मग ते उठले आणि गाडीखाली ताठ उभे राहिले, हात वर करून तिच्या बुडावरून फिरवला. त्या वेळचा त्यांचा चेहरा पाहून मलाच भरून आलं. परतताना त्यांनी संत्रा बर्फी घेतली आणि सगळ्या गल्लीला वाटली.

दोन दिवसांनी त्या लिफ्टवाल्यांचा माणूस जागा मोजायला आला. मी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन जिना उतरत होते. त्याने गॅरेजच्या जमिनीपासून छतापर्यंत पट्टी लावली, पुन्हा लावली आणि मान हलवली.

"नाही बसत काकाजी. गाडी वर गेली की टप छताले लागते. हा स्लॅब काढावा लागन. वर काय आहे?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. "वर ही आहे," म्हणाले.

"मग खोली काढून टाका. वर उंच पत्रे टाकून देऊ, झटक्यात होऊन जाते."

"जमीन खाली घेतली तं?"

"खाली काळी माती आहे इथं. पावसाळ्यात खड्ड्याची विहीर होईन. नाही तं मग कैचीची घ्या. छताले हात लावाची गरज नाही."

"छातीपर्यंत उचलून मी काय करू?" काकाजी एकदम चिडले. "पुन्हा वाकूच का?"

मी बादली तिथेच पायरीवर ठेवली. खोली गेली तर पुन्हा खापा, पुन्हा बस, आणि मग नोकरी किती दिवस टिकणार ते मला नीट माहीत होतं. पण घर त्यांचं, पाठ त्यांची आणि इच्छाही जन्मभराची. मी किती झालं तरी भाडेकरू. संध्याकाळी मीच जाऊन सांगितलं, "काकाजी, तुम्ही घ्या लिफ्ट. मी दुसरी खोली पाहते."

ते म्हणाले, "हूं."

बस्स. मी यांच्याबरोबर गावभर हिंडून यांचे डोळे पाहत बसले, यांना पायाला धरून गाडीखालून ओढलं, आणि उत्तर काय, तर हूं! त्या रागात मी दोन दिवस जिन्यावरून मुद्दाम पाय आपटत चढले-उतरले. आईचा रोज फोन. "खोली भेटली का वं? नाही भेटत तं ये परत. काहून जीव टांगून घेऊन राहिली?"

रविवारी सकाळी खोल्या बघायला निघाले तर फाटकाशी काकाजी डबा घेऊन उभे.

"तुम्ही कुठी?" मी विचारलं.

"खोली पाह्याले. तुले काय समजते खोलीतलं?"

मला बाहेर काढणारे हेच, आणि आता खोलीही हेच निवडणार! पण नागपुरातल्या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसाशी भांडणं मला काही जमलं नसतं. मी स्कूटी चालू केली.

पहिल्या घरी त्यांनी बेसिनखाली डोकं घालून ओल शोधली, गादी उचलून पलंगाच्या फळ्या पाहिल्या, आणि घरमालकाला चप्पल उलटी करायला सांगितली. आम्ही तिथून जवळजवळ हाकललेच गेलो. दुसऱ्या घरी ते खोलीच्या मधोमध मांडी घालून बसले आणि डबा उघडला. घरमालकीण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "यायले घरी जेवाले नाही भेटत का?" तेवढ्यात काकाजींची नजर पंख्याकडे गेली. "हुक हलून राहिला. नापास." आणि डबा बंद.

तिसरी खोली मात्र खरंच छान होती. नवी इमारत, गॅलरी, दिवसभर पाणी, आणि ऑफिस माझ्या जुन्या खोलीपेक्षाही जवळ. काकाजी बसले. पाटोडी होती. दोन पाटोड्या त्यांनी झाकणात घालून माझ्यापुढे सरकवल्या आणि स्वतः जेवू लागले. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. ते चवीने खात होते, घरमालकांना पाण्याच्या टाकीबद्दल विचारत होते, मध्येच काकूंच्या हातच्या रश्श्याचं कौतुकही केलं. नजर एकदाही वर गेली नाही. डबा संपला. संपलं, मी मनात म्हटलं. आता हीच आपली खोली.

काकाजींनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि म्हणाले, "नापास."

माझा संयम सुटला. "काहून? एकदाही वर नाही पाह्यलं तुम्ही! मी डोळ्याची पापणी नाही हलू देली!"

"माया सोड," काकाजी म्हणाले. "तुया झाकणात पाह्य."

मी पाहिलं. दोन्ही पाटोड्या जशाच्या तशा होत्या. मी एक तुकडासुद्धा मोडला नव्हता.

"मी तं जेवून घरी चाललो," ते म्हणाले. "इथं राहाचं कोणाले आहे, तुले का मले? घास तुया उतरला पाह्यजे."

घरमालक आमच्या तोंडाकडे बघत होते. मी दोन्ही पाटोड्या परत डब्यात घातल्या. काकाजींनी त्यांना नमस्कार केला, "खोली चांगली आहे बरं का तुमची," असं प्रामाणिकपणे सांगितलं आणि झाकण लावून डबा काखेत मारला.

तरी मी पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली होती. काकाजींनी ताठ उभं राहण्याची इच्छा सोडावी, असं मला सांगायचा अधिकार नव्हता, आणि ते सोडतील असं वाटतही नव्हतं. आठवडाभराने दारात टेम्पो आला. मी खिडकीतून पाहत होते. माणसांनी एक चपटं, जड लोखंडी धूड उतरवलं. मी खांबांची वाट पाहत राहिले, पण टेम्पो रिकामा झाला आणि खांब काही आले नाहीत. मी जिना उतरून विचारलं, "खांब मागून येणार आहेत का?"

"मॅडम, हिले खांब नसते," त्यातला एक म्हणाला. "कैचीची आहे."

काकाजी माझ्याकडे न बघता जमिनीवर खडूने खुणा करत होते. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राहा.

संध्याकाळपर्यंत लिफ्ट बसली. काकूंनी हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. काकाजींनी बटण दाबलं. निळी गाडी हलकेच उचलली गेली, त्यांच्या छातीपर्यंत आली आणि थांबली. त्यांनी एक बुटकं स्टूल आणलं, सवयीने उलटं करून पाहिलं, त्यावर बसले आणि मान जराशी वाकवून गाडीखाली सरकले. खालून पान्याचा ओळखीचा आवाज येऊ लागला.

लिफ्ट बघायला गल्ली लोटली होती. समोरच्या घरातले भाऊ कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "बस इतकीच का काकाजी? अजून वर नाही जात?"

"नाही जात," गाडीखालून आवाज आला.

"इतक्या लिफ्टा पाह्यल्या, अन् ही घेतली? काहून?"

"वर पोरगी राहते ना गा आमची." आणि पुन्हा पाना वाजू लागला.

माझे डोळे गर्दीत कुणाला दिसू नयेत म्हणून मी तशीच मागे वळले आणि जिना चढले. खोलीत खोकी भरलेली होती, त्यातल्याच एकावर बसले. फोन वाजला. आई होती.

"भेटली का वं खोली?"

"भेटली," मी म्हणाले.

"अवो बाप्पा! कुठी?"

"काकाजीच्या गॅरेजवर."